बिनपहाऱ्याचे उंदीर

दादाचं वजन पुन्हा उतरलं होतं. नर्सने त्याला आधी चपला काढून काट्यावर उभं केलं, मग खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या, मग काटाच उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला, पण आकडा काही वर सरकायला तयार नव्हता. दादा म्हणाला, काटाच दुष्काळी दिसतोय. नर्स हसली, वहिनी हसली नाही, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीने तर काट्याकडे पाहिलंही नाही. त्या आकड्याचा अर्थ खोलीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळत होता.

या बहिणीला घरात सगळे मास्तरीण म्हणत. शिकवण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. लहानपणी ती उशा आणि तांब्ये ओळीने मांडून त्यांना धडे द्यायची, तेव्हा दादाने ठेवलेलं हे नाव पुढे तिने डॉक्टरेट मिळवली तरी सुटलं नाही. ती एका संशोधन संस्थेत होती आणि तिचा विषय होता जठराचा कर्करोग. गाठीतल्या पेशी काय खातात, किती खातात, आणि त्या एवढं खाऊन बसल्यावर शेजारच्या पेशींच्या वाट्याला काय उरतं, हे ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. नेमका दादाला तोच रोग निघाला, तेव्हा सगळ्या नातलगांमध्ये एकच वाक्य फिरलं, की नशीब, घरात मास्तरीण आहे. ते ऐकलं की ती विषय बदलायची. पण दादाचा त्या वाक्यावर ठाम विश्वास होता, आणि दादाच्या विश्वासापुढे कोणाचं काही चालत नसे.

डॉक्टरबाईंनी रक्ताचे रिपोर्ट दोनदा वाचले. गाठ यकृतापर्यंत गेलेली असल्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्न आधीच निकालात निघाला होता, आणि आता सगळी भिस्त होती ती इम्युनोथेरपीच्या सलाईनवर. आजचा डोस देते, असं त्या म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला वजन असंच घसरलेलं असलं आणि रक्तातली प्रथिनं अशीच तळाला गेलेली असली, तर देणार नाही.

"हे औषध गाठीला मारत नाही," त्यांनी दादाला समजावून सांगितलं. "ते तुमच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांचे बांधलेले हात सोडवतं. मारायचं काम त्यांचं. त्यांच्या अंगात त्राणच नसेल, तर हात सोडवून मी काय करू?"

दादाने मान डोलावली. मग वहिनीकडे वळून डॉक्टरबाईंनी विचारलं, की जेवतात ना हे? वहिनी म्हणाली, हो, सगळं संपवतात. दुकानात दुपारचा डबा जातो तोही चाटूनपुसून परत येतो. डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विषय तिथेच संपला. दादाला त्यांनी काही विचारलं नाही, आणि दादा खिडकीबाहेर पाहत होता.

घरी आल्यावर मास्तरणीने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. सकाळी अंडी किती देतेस, मासे आठवड्यातून कितीदा करतेस, दूध साय काढून देतेस की सायीसकट, अशी तिने सरबत्तीच लावली. वहिनी ओट्याशी उभी राहून एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि मधेच फडक्याने ओटा पुसत होती, जो आधीच स्वच्छ होता. शेवटी मास्तरणीच्या तोंडून निघून गेलं, की मग जातं कुठे हे सगळं? तू नीट लक्ष तरी देतेस ना? वहिनीने फडकं ठेवलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. मास्तरणीला तेव्हाच कळलं की आपण नको ते बोललो, पण तिने माफी मागितली नाही. वजनाच्या काळजीत तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

कारण तिच्या डोक्यात एक उत्तर तयार होतं आणि ते भयंकर होतं. माणूस भरपूर जेवतो आणि तरी झिजतो, म्हणजे गाठच सगळं ओढून घेते. तिने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्यांमध्ये हे पाहिलेलं होतं. अन्नातली प्रथिनं पोटात गेली की त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि त्या सुट्या तुकड्यांवरच शरीरातल्या झाडून सगळ्या पेशी जगतात. गाठीच्या पेशी या पंगतीतल्या सगळ्यात हावरट. बाकीचे पाटावर बसेपर्यंत त्यांचं दुसऱ्यांदा वाढून झालेलं असतं. दादाच्या आत तेच चाललेलं असणार, असं तिने धरून टाकलं. एवढी शिकलेली बाई, पण भावाच्या झिजण्याचं कारण शोधायला ती थेट पेशीत शिरली. दुपारी दुकानात डोकावून पाहावं असं तिच्या मनातही आलं नाही.

दादाचा धंदा सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचा. दुकान म्हणजे पुढे शटर, मागे छोटं अंगण, आणि मधे पोट फाडून ठेवलेले सोफे. काथ्या, फोम, स्प्रिंगा, रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि जमिनीवर इतके खिळे की अनोळखी माणसाने तिथे अनवाणी फिरू नये. आई-वडील लवकर गेले तेव्हा मास्तरीण शाळेत होती. दादाने स्वतःचं शिक्षण सोडून याच धंद्यात हात घातला आणि तिला शिकवलं. त्याचा त्याने कधी पाढा वाचला नाही. उलट ती पास झाली की त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तिचे मार्क ऐकूनच खुर्ची परत मिळायची. तिच्या कामातलं काही नवं असलं की पहिलं त्याला सांगायचं, हा दोघांचा रिवाज होता. त्याला निम्मं कळायचं नाही. तो म्हणायचा, निम्मं कळतं तेच माझ्या आवाक्याबाहेर आहे.

आजारपण निघाल्यानंतर काही दिवसांनी संस्थेचा खुला दिवस आला होता. त्या दिवशी कोणीही येऊन प्रयोगशाळा बघावी, सभागृहात बसून संशोधकांना ऐकावं. मास्तरणीचं भाषण होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला आणि डावीकडच्या व उजवीकडच्या माणसाला, ती माझी बहीण, असं सांगून झाल्यावर मागे वळून त्याने तिसऱ्यालाही सांगितलं. तिने पडद्यावर दोन उंदीर दाखवले. दोघांना माणसाच्या जठरातल्या गाठीच्या पेशी टोचलेल्या. एकाला नेहमीचं खाणं, दुसऱ्याच्या खाण्यातून मेथिओनिन नावाचं एकच अमिनो आम्ल काढून टाकलेलं. पहिल्याची गाठ बोराएवढी फुगलेली. दुसऱ्याची मसुराच्या दाण्याएवढी राहिलेली. सभागृहात टाळ्या पडल्या. कोणीतरी उठून विचारलं, की हे मेथिओनिन असतं कशात? ती सहज म्हणाली, अंड्यात, माशात, मांसात, दुधातही असतं. मग, हे सगळं अजून उंदरांपुरतंच आहे बरं का, असंही तिने जोडलं. असं सगळेच जोडतात.

दादाला ते शेवटचं वाक्य तिचा विनय वाटला. स्वतःच्या कामाबद्दल मोठ्याने बोलायची तिला सवयच नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? घरी जाताना तो गप्प होता. तिला वाटलं, दमला असेल.

डोस मिळाल्यानंतर काही दिवसांनी संस्थेत मास्तरणीच्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. हा प्रयोग थोडा वेगळा होता, आणि तो वेगळेपणा त्यांच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. माणसाची गाठ उंदरात वाढवायची तर उंदीर तसा खास लागतो. साध्या उंदराचं शरीर परक्या पेशी ओळखतं आणि हाकलून देतं. म्हणून अशा कामासाठी जे उंदीर असतात त्यांना प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. टी पेशी, म्हणजे गाठीवर चालून जाणारे पहारेकरी, त्यांच्या अंगात जन्मतःच नसतात. सभागृहातल्या पडद्यावरचे दोन्ही उंदीर या जातीचे होते. संस्थेत झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे ते कोणी बोलून दाखवत नसे. सोफ्याच्या आत लाकूड असतं हे जसं कोणी गिऱ्हाईकाला सांगत बसत नाही, तसंच.

दुसऱ्या प्रयोगात मात्र धडधाकट उंदीर घेतले होते, पहारेकरी शाबूत असलेले, आणि गाठही उंदराचीच. त्यांच्या खाण्यातून तेच मेथिओनिन काढलं, आणि सगळं उलटं झालं. मेथिओनिन न मिळालेल्यांच्या गाठी जास्त वाढल्या. गाठ कापून आत पाहिलं तर टी पेशी होत्या, पण अगदी गळून गेलेल्या. त्यांना लढायला आणि संख्येने वाढायला तेच अमिनो आम्ल लागतं. खाणं तुटपुंजं झालं की हावरट गाठ होतं नव्हतं ते आधी पळवते, आणि पहारेकरी उपाशी बसतात. गाठीची उपासमार करायला जावं तर आधी पहाराच मरत होता.

मास्तरणीच्या वरिष्ठ मॅडम सहसा कोणाचं कौतुक करत नसत. त्यांनी आलेख पाहून खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, की हे मोठं आहे. मास्तरणीला इतका आनंद झाला की तिने हातमोजे काढायच्या आधीच फोन उचलला आणि मग तिचं तिलाच हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला दादाचा आजार घटकाभर विसरायला झाला होता. फोन करण्यापेक्षा जाऊनच सांगावं असं ठरवून ती दुपारीच निघाली.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. कारागीर सोफा पोचवायला गेला होता. तिने वाकून आत पाऊल टाकलं आणि पहिलं तिला दिसलं ते एक मांजर. गिऱ्हाईकाच्या मखमली खुर्चीवर ते ऐसपैस झोपलं होतं. तिला नवल वाटलं, कारण दादा आणि मांजर यांचं हाडवैर होतं. मांजराच्या नखाने रेक्झिन फाटतं, म्हणून तो पाण्याची पिचकारी हाताशी ठेवून बसायचा आणि अख्ख्या गल्लीतली मांजरं त्याच्या दारावरून वळसा घालून जायची. हे मांजर तर गलेलठ्ठ होतं, आणि तिला पाहून त्याने कानसुद्धा हलवला नाही.

दादा मागच्या अंगणात होता. उलट्या डब्यावर बसलेला, पाठ तिच्याकडे. पँट घसरू नये म्हणून त्याने सोफ्याच्या बैठकीला लावतात तो जाड पट्टा कमरेला बांधला होता. पायाशी आणखी दोन मांजरं. मांडीवर वहिनीने दिलेला डबा, आणि दादा उकडलेलं अंडं बोटांनी फोडून निगुतीने एकेक तुकडा खाली टाकत होता. माशाचा कप्पा आधीच रिकामा झाला होता. भात तेवढा त्याने स्वतःसाठी बाजूला काढला होता.

मास्तरीण तिथेच उभी राहिली. सभागृह, मसुराएवढी गाठ, कोणीतरी विचारलेला तो प्रश्न, तिने सहज दिलेलं उत्तर, आणि तासाभरापूर्वी पाहिलेला आलेख. सगळं एकाच वेळी तिच्या लक्षात आलं.

"दादा, कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. चोरी पकडली गेली तरी तो ओशाळला नाही, उलट त्याचा चेहरा खुलला, कारण गुपित सांगायला शेवटी माणूस मिळाला होता. तुझ्या भाषणाच्या दुसऱ्या दिवसापासून, त्याने सांगितलं. घरात वहिनी समोर बसते तेव्हा चार घास गिळावे लागतात, तेही नंतर तो संडासात जाऊन काढायचा प्रयत्न करतो, कधी जमतं, कधी नाही. दूध कुंडीत जातं. वहिनीला सांगितलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण त्यांना उंदरांचं काय माहीत?

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

दादा जरा लाजला. त्याने डब्याचं झाकण हातात घेऊन फिरवलं.

"तुला दाखवायचं होतं गं. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ बारीक झालेली निघाली असती, की मग सांगणार होतो. तू म्हणालीस ना, अजून उंदरांपुरतंच आहे. मला वाटलं, तुझ्या कामाला एक माणूस मिळेल. परका कशाला हवा, घरचाच देऊ."

मास्तरीण खाली बसली, खिळ्यांची पर्वा न करता. इतकी वर्षं तो तिच्यासाठी झिजला होता, आणि आता खरोखर, अंगावरच्या मांसाने झिजला होता, आणि तेही तिने न सांगितलेल्या एका गोष्टीपायी. तिने स्वतःला कठोर केलं आणि सगळं सांगितलं. ते उंदीर कोणते होते. त्यांच्यात पहारेकरी नव्हतेच, त्यामुळे उपाशी मरायला गाठीशिवाय आत दुसरं कोणी नव्हतं. आणि तुझं अख्खं औषध तर पहारेकऱ्यांच्या भरवशावर आहे. आजच कळलं, की पहारेकरी असलेल्या उंदराला असं उपाशी ठेवलं तर गाठ वाढते.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मांजराने त्याच्या पायाला अंग घासलं तसं त्याने पायानेच ते बाजूला सारलं.

"पहारेकरी नव्हते हे त्या दिवशी का नाही बोललीस?"

"आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, दादा. बोलायचं सुचलंच नाही."

"मला नव्हतं माहीत," दादा म्हणाला. "माझ्याकडचा सोफा आतून लाकडाचा नसला, तर मी गिऱ्हाईकाला आधी सांगतो. मग कापड दाखवतो."

तो रागावला असता तर तिला सोसलं असतं. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं हसं झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तिला बघवेना. मग त्याने विचारलं, की म्हणजे मी एवढं केलं ते सगळं पाण्यात? तिला खोटं बोलायचा मोह झाला. थोडा उपयोग झाला असेल, असं म्हणावं, एवढंच. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही. पण अर्धवट सांगून एकदा काय झालं ते समोरच बसलं होतं.

"पाण्यात नाही. तोट्यात," ती म्हणाली.

तिने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, की चूक माझीही आहे, मी बायकोला विचारलं, त्यांना विचारायला हवं होतं. आता घाईघाईने कोंबू नका, इतक्या दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भार टाकला तर तेही बाधतं. उद्या आणा, रक्त तपासून ठरवू. तोपर्यंत थोडं थोडं, पण प्रत्येक जेवणात अंडं किंवा मासा हवाच. वजन घसरायचं थांबलं तर डोस देईन. आणि नाही थांबलं तर, असं मास्तरणीने विचारलं. त्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, की आधी खाऊ दे त्यांना.

वहिनीला सांगायचं काम मास्तरणीने स्वतःकडे घेतलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले, पण ती ओरडली नाही की रडली नाही. ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"रिकामा डबा धुताना मला काय वाटायचं माहीत आहे? वाटायचं, आज हा माणूस पोटभर जेवला. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा."

दादा खाली मान घालून बसला. मग वहिनीने मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरीण म्हणाली, की त्या दिवशी मी तुला नको ते बोलले, माझं चुकलं. वहिनी म्हणाली, बोललीस खरी. आणि ती स्वयंपाकघरात गेली. बोलण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ असणार, पण चूल पेटवणं तिला जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

तिने ताट आणलं. मऊ भात, त्यावर माशाचा एक काटे काढलेला तुकडा, आणि अर्धं अंडं. एरवी लहान मुलालाही पुरलं नसतं एवढंच. दादाने ताट पुढे ओढलं आणि तो त्याकडे पाहत राहिला. त्याचा हात पुढे होईना. हट्ट नव्हता तो. मास्तरणीने नीट पाहिलं तेव्हा तिला कळलं, की तो घाबरला आहे. इतके दिवस प्रत्येक अंड्यात त्याने गाठीचा घास पाहिला होता, आणि ती भीती अशी एका दुपारीत पुसली जाणार नव्हती.

"एक सांग," तो म्हणाला. "हे खाल्लं तर आत आधी कोण जेवणार? तुझे पहारेकरी की गाठ?"

"दोघंही जेवतील."

"आधी कोण?"

"बहुतेक गाठच आधी हात मारेल," ती म्हणाली. "पण तू खाल्लं नाहीस, तर ती तुझंच अंग खाते आहे. आणि पहारेकऱ्यांना काहीच मिळत नाही."

"मग खाल्लं तर ते जिंकतील?"

वहिनीने मास्तरणीकडे पाहिलं. ती नजर नुसती विनवणी होती, की म्हण, हो म्हण, काय जातं तुझं? मास्तरीण प्रयोगशाळेत असती तर म्हणाली असती, की यावर आणखी काम व्हायला हवं. तिच्यासमोर मात्र आणखी काम नव्हतं. कमरेला सोफ्याचा पट्टा बांधलेला तिचा भाऊ होता.

"ते मला माहीत नाही, दादा. कोणालाच माहीत नाही. खाल्लं तर त्यांना लढता येईल, एवढंच मी सांगू शकते."

दादाने ताट आणखी जवळ ओढलं. मग म्हणाला, की आज सगळं सांगितलंस. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने भात कालवला, माशाचा तुकडा मोडून त्यात मिसळला आणि घास तोंडात घातला. चावला. पण गिळेना. घास तसाच गालात धरून तो मास्तरणीकडे बघत राहिला. तिला आधी कळलंच नाही तो कशासाठी थांबलाय. मग कळलं. जन्मभर ज्याच्या परवानगीशिवाय तिने शाळेची सहलसुद्धा केली नव्हती, तो तिची परवानगी मागत होता.

तिने मान हलवली. त्याने घास गिळला.

त्याने दुसरा घास घेतला, चावला, आणि पुन्हा तिच्याकडे पाहून थांबला. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मास्तरीण त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याला तिचा चेहरा नीट दिसेल अशी, आणि ताट रिकामं होईपर्यंत प्रत्येक घासाला मान हलवत राहिली.